कापूस आणि मोकळ्या बाजाराचं कीर्तन

श्रोतेहो, नमस्कार.

बाजाराला मोकळं सोडा, तो सगळ्यांचं भलं करील, अशी श्रद्धा असणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. त्यांना मी वेड्यात काढणार नाही. 1978 नंतर चीननं आणि 1986 नंतर व्हिएतनामनं बाजाराची दारं उघडली आणि कोट्यवधी कुटुंबं गरिबीतून वर आली. चीननं बँका आणि जमीन सरकारच्याच मुठीत ठेवली, हे मात्र श्रद्धावान मंडळी सहसा सांगत नाहीत. असो. माझं भांडण बाजाराशी नाही. मोकळ्या बाजाराचं कीर्तन करणारे स्वतः ते कधी पाळतात, हे आपण नागपूरकरांनी तरी तपासावं. आपला कापूस दीडशे वर्षांपासून त्या कीर्तनाला बसलेला आहे.

1861 ते 1865 अमेरिकेत यादवी पेटली. तिथला कापूस अडकला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाड-नागपूरची आठवण झाली. 1867 साली रेल्वे नागपूरला पोचली. रुईच्या गाठी मुंबईमार्गे लिव्हरपूलला जायच्या आणि तिकडून कापड यायचं. कापूस पिकतो त्याच्या जवळच कापड का विणू नये, या विचारानं जमशेटजी टाटांनी इथं एम्प्रेस मिल काढली. 1 जानेवारी 1877 ला ती सुरू झाली. पाचच वर्षांनी, 1882 मध्ये, विलायती कापडावरचा आयातकर उठला, तोही खुल्या व्यापाराच्या नावानं. पुढे तिजोरीत खडखडाट झाला तेव्हा तो पुन्हा लावावा लागला. मग 1896 मध्ये इंग्रज सरकारनं काय केलं? विलायती कापडावर साडेतीन टक्के, आणि देशी गिरणीच्या कापडावरही साडेतीन टक्के! देशी मालाला फुकटचं संरक्षण मिळायला नको ना. हा कर 1926 पर्यंत टिकला. आणि हाच ब्रिटन 1721 मध्ये आपल्याकडच्या छापील सुती कापडाच्या धास्तीनं ते वापरण्यावरच कायद्यानं बंदी घालून बसला होता. स्वतःच्या गिरण्या पायावर उभ्या राहिल्यानंतर त्याला खुल्या व्यापाराची ओढ लागली.

आता अलीकडे या. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना भरघोस अनुदान देते. त्यामुळे जगात भाव पडतात, अशी तक्रार ब्राझीलनं 2002 मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे नेली आणि 2005 मध्ये अपिलातही जिंकली. अमेरिकेनं अनुदान बंद केलं का? नाही. ब्राझीलनं अमेरिकन मालावर जादा कर लावायची तयारी केली, तेव्हा 2010 मध्ये वर्षाला सुमारे 14.7 कोटी डॉलर ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी द्यायचं ठरलं, आणि 2014 मध्ये 30 कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. आपल्या शेतकऱ्याचं अनुदान वाचवण्यासाठी दुसऱ्या देशाच्या शेतकऱ्याला पैसे! बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे चार आफ्रिकी देश 2003 पासून हेच गाऱ्हाणं मांडत आले. त्यांच्या पदरात आश्वासनं पडली. ब्राझील उलटा कर लावू शकत होता. माली कर लावणार कशावर आणि घाबरणार कोण?

2022 च्या जागतिक विषमता अहवालात म्हटलंय की जगातल्या वरच्या दहा टक्क्यांकडे 76 टक्के संपत्ती आहे आणि खालच्या निम्म्या जगाकडे 2 टक्के. हे सगळं बाजारानं केलं असं मी म्हणत नाही. पण कुठला दरवाजा उघडायचा हे ठरवतं कोण? अर्थतज्ज्ञ ब्रँको मिलानोविच सांगतात की माणसाचं उत्पन्न किती, हे बरंचसं तो कोणत्या देशात जन्मला यावर ठरतं. रुईच्या गाठीला समुद्र ओलांडायला फारसं काही लागत नाही, पैशाला तर त्याहून कमी. कापूस वेचणाऱ्या बाईला मात्र व्हिसा लागतो. मजुरांचा बाजार मोकळा करा, असं कुणी तावातावानं बोलताना मला तरी फारसं ऐकू आलेलं नाही.

आपलंही सरकार काही सोवळ्यात नाही. मार्च 2012 मध्ये गिरण्यांना कापूस कमी पडू नये म्हणून निर्यातच बंद केली. ऑगस्ट 2025 मध्ये आयात कापसावरचा 11 टक्के कर उठवला, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग 31 डिसेंबरपर्यंत. विदर्भात वेचणी नेमकी याच दिवसांत. मोठा शेतकरी माल घरात ठेवून भाव वाढायची वाट पाहील. लहान शेतकऱ्याला कृषी केंद्राची उधारी चुकवायची असते, शिवाय घरात कापूस साठवला की अंगाला खाज सुटते ती वेगळीच. लांब धाग्याचा हमीभाव 2025-26 च्या हंगामात 8,110 रुपये क्विंटल होता, पण ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला की सीसीआय, म्हणजे हमीभावानं खरेदी करणारं सरकारी कापूस महामंडळ, माल घेत नाही. गावात येणारा व्यापारी ओलं-सुकं दोन्ही घेतो. भाव तो सांगेल तो.

नमस्कार.