यादीतला पहिला

जुलै 2001. न्यू जर्सीतलं टीनेक. आदिदासच्या पैशावर भरणारा बास्केटबॉलचा एबीसीडी कॅम्प. देशभरातली निवडक शाळकरी पोरं इथे खेळताहेत आणि कडेला बसलेत प्रशिक्षक, खेळाडू हेरणारे स्काउट, वार्ताहर. त्यांच्या नजरा ब्रुकलिनच्या लेनी कुकवर आहेत. शालेय खेळाडूंच्या याद्यांमधलं हे अगदी वरचं नाव.

समोरच्या संघात ओहायोतल्या ॲक्रनचा सोळा वर्षांचा एक मुलगा. शेवटच्या क्षणी तो पळता पळता लांबून शॉट मारतो. बास्केट! लेनीचा संघ हरतो. तो मुलगा म्हणजे पुढे बास्केटबॉलचा महान खेळाडू झालेला लेब्रॉन जेम्स.

लेनीची गोष्ट सांगणारे बहुतेकदा या शॉटपाशी थांबतात. मला मात्र त्यानंतरचं वर्ष जास्त अस्वस्थ करतं.

तेव्हा शाळेतून थेट एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, जाता येत असे. तिथले संघ दरवर्षी दोन फेऱ्यांच्या ड्राफ्टमध्ये नवे खेळाडू क्रमानं निवडतात. 1995 मध्ये केविन गार्नेट गेला, पाठोपाठ कोबी ब्रायंट. 2001 मध्ये तर क्वामे ब्राऊन पहिल्याच क्रमांकावर. पण 1998 चा कोर्लिओन यंगही होता: दुसऱ्या फेरीत निवड, आणि एनबीएत एकूण तीन सामने.

शाळकरी पोरांमध्ये आज तू कितवा, एवढंच यादी सांगते. उद्या कसलेल्या माणसांसमोर तुझा निभाव लागेल का, हे संघ बघतात. जो तो हरभऱ्याच्या झाडावर चढवत असताना त्या वयात हा फरक कसा कळावा? शिवाय तेव्हा एजंटशी करार केला, की कॉलेज बास्केटबॉलचं दार बंद. पोराला झाडावर चढवणाऱ्यांचं यात काहीच जात नव्हतं.

वय उलटल्यामुळे लेनीला शेवटच्या वर्षी शाळेच्या संघातून खेळताच आलं नाही. तरी त्यानं ड्राफ्टमध्ये नाव दिलं.

26 जून 2002. मॅडिसन स्क्वेअर गार्डन, लेनीच्याच शहरात. नवव्या क्रमांकावर फिनिक्सच्या संघानं अमारे स्टूडमायरला घेतलं, तोही थेट शाळेतून आलेला. पहिली फेरी संपली. दुसरीही संपली. लेनीचं नाव कुणी पुकारलंच नाही.

त्याच वर्षी शाळेतून बाहेर पडलेला कार्मेलो अँथनी सिरॅक्यूज विद्यापीठात गेला. एक वर्ष खेळला, राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं आणि 2003 मध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला.

एकोणीस वर्षं वय आणि शाळा सुटून एक वर्ष, ही अट 2006 च्या ड्राफ्टपासून लागू झाली. लेनी फिलिपिन्समध्ये खेळला, चीनमध्ये खेळला. एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही.