जुन्या चिपांतलं सोनं आणि झारेकऱ्याची नजर

(विटा येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, विट्यात येऊन सोनं गाळण्यावर बोलायचं म्हणजे पंढरपुरात जाऊन टाळ कसा धरावा हे सांगण्यासारखं आहे. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातून गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचा, धंदा घेऊन देशभर पांगलेल्यांची नातवंडं इथं समोर बसली आहेत. मूस (धातू वितळवायचं भांडं), सवागी (टाकणखार), टंच (सोन्याचा कस) हे शब्द तुम्ही घरात ऐकलेत; मी नोकरीला लागल्यावर शिकलो. म्हणून भट्टीबद्दल आज फार बोलत नाही. मला बोलायचंय ते झारेकऱ्याबद्दल. सोनाराच्या दुकानातला केर विकत घेऊन, धुऊन, त्यातून सोन्याचे कण काढणारा तो माणूस. जुन्या संगणकातलं सोनं काढायला निघालेल्या नवशिक्यानं गुरू करायचा तर त्याला करावा.

आधी हिशेब. तांब्यावर हवेनं थर चढतो, सोन्यावर चढत नाही, म्हणून जिथं जोड पक्का हवा तिथं सोन्याचा मुलामा देतात. खाली निकेलचा थर असतो, नाहीतर तांबं हळूहळू सोन्यातून वर येतं. आता हा मुलामा किती जाड? चांगल्या प्रतीचा म्हणजे पाऊण मायक्रॉन. सोन्याची घनता १९.३. म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर साधारण दीड मिलिग्रॅम सोनं. एक ग्रॅम हवं तर सुमारे ७०० चौरस सेंटिमीटर सोनेरी पृष्ठभाग लागेल. रॅमच्या, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीच्या, एका पट्टीच्या कडेला, दोन्ही बाजू धरून, साडेचार-पाच चौरस सेंटिमीटर भरतात. म्हणजे दीडशेच्या आसपास पट्ट्या, आणि तेही मुलामा पातळ नसेल तर. बहुतेकदा तो पातळच असतो. व्हिडिओत वाटीभर चिपांतून निघालेली लगड दाखवतात ना, तिच्यामागे किती पोती होती ते कुणी दाखवत नाही.

प्रोसेसरची गोष्ट जरा वेगळी. जुन्या सिरॅमिक प्रोसेसरमध्ये सोनं फक्त पायांवर नसतं. आतल्या सिलिकॉनच्या चकतीपासून पायांपर्यंत केसाहून बारीक सोन्याच्या तारा असतात, वरचं झाकण सोनं-कथिलाच्या डाखानं बसवलेलं असतं. १९९५ चा पेंटियम प्रो हा हौशी लोकांचा लाडका. एकाच पेटीत दोन चकत्या, ३८७ पाय, आणि सोनं ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. पुढं चकती उलटी करून डाखाच्या थेंबांवर बसवायला लागले, तारा गेल्या. २००४ नंतर इंटेलच्या प्रोसेसरचे पायही गेले, नुसते ठिपके उरले. त्यामुळे नवा आणि महागडा प्रोसेसर फोडणारा माणूस दोनदा फसतो. आणखी एक: १९७१ ची पांढऱ्या सिरॅमिकची इंटेलची ४००४ चिप हाती लागली तर ॲसिडकडे वळूनही बघू नका. संग्राहक तिला आतल्या सोन्याच्या कित्येक पट किंमत देतात.

आता चुका. पहिली माझीच सांगतो. मी पट्ट्या, पाय, डाख लागलेले तुकडे, सगळं एकत्र नायट्रिक ॲसिडमध्ये टाकलं. डाखातल्या कथिलाची पांढरी खळ झाली, गाळणकागद बुजला, सोनं त्या चिखलात अडकलं. म्हणून वर्गवारी आधी. पायांना चुंबक लावून बघा. सिरॅमिक प्रोसेसरचे पाय चिकटतात, कारण ते लोह-निकेल-कोबाल्टचे असतात. त्यांचा ढीग वेगळा, तांब्याच्या पट्ट्यांचा वेगळा. आणि सिरॅमिक कुटून पीठ करू नका. काही जुन्या भागांत बेरिलियम ऑक्साइड असतं, त्याची धूळ फुप्फुसाला कायमची धरते.

दुसरी चूक म्हणजे 'सोनं गायब झालं' ही ओरड. अम्लराजात, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या मिश्रणात, विरघळलेलं सोनं, भांड्यात थोडं तांबं उरलं असेल तर, पुन्हा त्याच्यावर बसून तळाला काळसर गाळ होतं. नवशिक्या गाळ फेकतो आणि पाणी जपतो. उलटही होतं: जास्तीचं नायट्रिक काढून न टाकता सोनं खाली बसवायला हिराकस (फेरस सल्फेट) घालतो, आणि खाली बसायला लागलेलं सोनं परत विरघळतं. म्हणून कथिलाच्या क्लोराइडचा थेंब टाकून बघितल्याशिवाय काहीही ओतायचं नाही. जांभळट रंग आला की सोनं अजून द्रावणात आहे. ते काही पळून जात नाही. १९४० मध्ये जर्मन फौजा कोपनहेगनमध्ये शिरल्या तेव्हा तिथल्या हेवेशी या रसायनशास्त्रज्ञानं फॉन लाउए आणि फ्रांक या भौतिकशास्त्रज्ञांची नोबेल पदकं अम्लराजात विरघळवली. बाटली फळीवर तशीच राहिली. युद्धानंतर त्याच सोन्याची पदकं पुन्हा घडवली गेली.

घरी हे करू नका, असं मी साफ सांगतो. नायट्रिकचा तपकिरी धूर लागला की त्या क्षणी थोडा खोकला येतो, माणूस जेवून झोपतो, आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी होतं. गच्चीवर, वारा आहे म्हणून, करणारेही मला भेटलेत. धूर ओढणारी सोय असलेल्या प्रयोगशाळेत, जाणत्या माणसासोबत करा. धंदा म्हणून करायचा तर २०२२ च्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणी लागते. उरलेलं हिरवं-निळं पाणी गटारात जाता कामा नये. त्यात आधी लोखंडाचा भंगार टाकून तांबं खाली बसवायचं, मग चुन्यानं आम्लता मारायची, आणि राहिलेला गाळ अधिकृत ठिकाणी द्यायचा.

मग सुरुवात कशी करायची? वजनकाटा, चुंबक आणि वही घेऊन. सहा महिने नुसतं गोळा करा, ओळखा, तोला. त्या माझ्या पांढऱ्या खळीचे कागद मी बरणीत भरून ठेवलेत. फरशी पुसलेलं फडकंही तिच्यातच आहे. बरणी भरली की जाळून राख करणार आहे, त्यात अडकलेलं सोनं झारेकऱ्यासारखं काढायला.