ईयोबाची धाकटी लेक

श्रोतेहो, नमस्कार. आज एका हिब्रू नावाविषयी बोलणार आहे: केरेन-हप्पूक. उच्चारताना जीभ जरा अडखळतेच. बायबलमध्येही हे नाव एकदाच येतं, ईयोबाच्या पुस्तकाच्या 42 व्या, म्हणजे शेवटच्या अध्यायात.

ईयोब तुम्हाला ठाऊक असेल. भला माणूस, पण एका दिवसात गुरंढोरं गेली, घर कोसळून सात मुलगे आणि तीन मुली गेल्या, मग अंगभर गळवं उठली. राखेत बसून तो देवाला जाब विचारत राहिला. शेवटी दिवस पालटले. 7000 मेंढ्यांच्या 14000 झाल्या, 3000 उंटांचे 6000. मुलं मात्र दुप्पट नाहीत. पुन्हा सात मुलगे आणि तीन मुलीच. गेलेल्या लेकरांची भरपाई हिशेबात बसत नाही, हे लिहिणाऱ्याला कळत असावं, असं मला आपलं वाटतं.

आता गंमत बघा. या सात मुलग्यांपैकी एकाचंही नाव दिलेलं नाही. मुलींची मात्र तिन्ही नावं आहेत: यमीमा, कसीया आणि केरेन-हप्पूक. शिवाय बापाने त्यांना भावांच्या बरोबरीने वतन दिलं. मोशेच्या नियमशास्त्रात, म्हणजे ज्यूंच्या जुन्या धर्मकायद्यात, मुलगा नसेल तरच मुलीला वारसा मिळे. इथे तर सात भाऊ हयात होते!

केरेन म्हणजे शिंग. पूक म्हणजे डोळ्यांत घालायचा सुरमा. त्या काळी शिंग पोकळ करून त्यात तेलबिल ठेवत; शमुवेल संदेष्ट्याने पुढे राजा झालेल्या दाविदाला अभिषेक केला तोही शिंगातल्या तेलानेच. म्हणजे ही झाली सुरमेदाणी. बायबलमध्ये एरवी पूक जरा बदनामच. ईजबेल राणी मरणाच्या दारात डोळ्यांत तोच घालून खिडकीशी उभी राहते, आणि यिर्मया संदेष्टाही नटव्या नगरीला त्यावरूनच टोमणा मारतो. राखेत बसलेल्या बापाने मात्र तेच नाव कौतुकाने लेकीला दिलं.

ग्रीक भाषांतरकारांना ते पचलं नसावं. त्यांनी सुरमा काढून टाकला आणि नाव केलं ‘अमाल्थियाचं शिंग’. अमाल्थिया म्हणजे ग्रीकांचा देवराज झ्यूस बाळ असताना त्याला दूध पाजणारी शेळी. तिचं शिंग द्रौपदीच्या थाळीसारखं, मागाल ते देणारं. पुढे बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्या जेरोमने सुरमा परत आणला.

इंग्लंड-अमेरिकेतल्या प्रोटेस्टंट घरांत बायबल उघडून नावं ठेवायची पद्धत पडली, तेव्हा थोरल्या दोघींची नावं बऱ्यापैकी रुळली. धाकटीचं क्वचितच कुणी घेतलं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या गिल्फर्ड कोर्टहाउसच्या रणभूमीवर केरेनहप्पूक टर्नर नावाच्या बाईचा पुतळा आहे, 1902 साली उभारलेला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, 1781 साली तिथे झालेल्या लढाईत जखमी झालेल्या मुलाच्या शुश्रूषेला ती मेरीलँडहून घोड्यावरून आली, अशी आख्यायिका आहे.

इस्रायलमध्ये आज केरेन नावाच्या मुली पुष्कळ भेटतील. शिंगाबरोबर ‘प्रकाशाचा झोत’ असाही त्याचा अर्थ आहे. आपल्या ‘किरण’शी ते जुळतं, पण तो निव्वळ योगायोग. पुढचं ‘हप्पूक’ मात्र कुणी लावत नाही, आणि त्यात नवल नाही. आजच्या बोली हिब्रूत पूक म्हणजे पक्ष्यांची मऊ पिसं, रजईत भरतात ती. पूर्ण नाव ठेवलं, तर शाळेतली पोरं तिला रजई म्हणून चिडवायची!