एव्हरेस्ट बेस कॅम्प: आधी मुक्काम ठरवा, मग सॅक भरा

श्रोतेहो, नमस्कार.

एव्हरेस्ट बेस कॅम्पला जायचं ठरलं की घरात आधी बूट येतात, मग जॅकेट येतं, मग मित्रांच्या ग्रुपवर सामानाच्या याद्या फिरायला लागतात. तारखांचं मात्र "दहा दिवस रजा आहे, त्यात बसवू" एवढ्यावरच राहतं. तयारी चुकते ती इथे. या वाटेवर बहुतेकांना जड जाते ती उंची. दिवसभर किती चाललात याला फार महत्त्व नाही, रात्री किती उंचीवर झोपलात याला आहे. म्हणून आधी कागद घ्या आणि एकेक रात्र मांडा.

चालायला सुरुवात होते ते नेपाळमधलं लुक्ला विमानतळ आहे सुमारे २,८५० मीटरवर. पहिला मुक्काम फाकडिंगला, २,६१० मीटर, म्हणजे लुक्लापेक्षा खालीच. दुसरा नामचे बाजारला, ३,४४० मीटर. तिसरी रात्रही नामचेलाच. त्या दिवशी स्यांगबोचेच्या बाजूला ३,८०० मीटरच्या पुढे चढायचं, तासभर थांबायचं आणि झोपायला खाली यायचं. चौथी रात्र तेंगबोचे, ३,८६०. पाचवी आणि सहावी दिंगबोचे, ४,४१०. मधल्या दिवशी गावामागच्या नांगकरत्शांगच्या धारेवर जमेल तेवढं चढून परत. सातवी लोबुचे, साधारण ४,९४०. आठवी गोरक्षेप, ५,१६०च्या आसपास. त्याच दिवशी दुपारी ५,३६४ मीटरवरचा बेस कॅम्प बघून गोरक्षेपला परतायचं. नवव्या दिवशी पहाटे काला पत्थर, आणि मग झपाट्याने उतार: फेरिचे, नामचे, लुक्ला.

३,००० मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच गावी काढावी, असा नियम आहे. वरच्या आखणीत तो जवळपास पाळला जातो. तेंगबोचे ते दिंगबोचे आणि दिंगबोचे ते लोबुचे हे टप्पे थोडे जास्त आहेत, म्हणून लोबुचेला जाताना डोकं दुखत असेल तर वाटेत ४,६०० मीटरवर थुकला इथे थांबायची सोय मनात ठेवा. सहल कंपनीच्या कार्यक्रमात नामचे किंवा दिंगबोचेची दुसरी रात्र कापलेली दिसली, तर ती कंपनी सोडा. स्वस्त पडतं ते यामुळेच.

उंचीवर होतं काय? हवेतल्या ऑक्सिजनचं प्रमाण तेच, २१ टक्के. पण हवेचा दाब बेस कॅम्पला जवळजवळ निम्मा होतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही निम्माच मिळतो. शरीर याच्याशी जुळवून घेतं, पण त्याला दिवस लागतात. मॅरेथॉन धावणाऱ्याला त्यात सूट नाही. उलट तंदुरुस्त तरुण पुढे पळतात, दुपारी एकला मुक्कामी पोचतात आणि संध्याकाळी डोकं धरून बसतात.

डोकेदुखी आणि सोबत मळमळ, चक्कर किंवा अतोनात थकवा असेल, तर तो उंचीचाच त्रास धरायचा. "काल पाणी कमी प्यायलो" वगैरे कारणं शोधू नका. त्या रात्री वर जायचं नाही. पॅरासिटामॉल घ्या, विश्रांती घ्या. सकाळी बरं वाटलं तर पुढे, वाढलं तर खाली. दोन गोष्टी मात्र सकाळपर्यंत थांबण्यासारख्या नाहीत. पहिली, बसल्या जागी धाप लागणं, खोकला, छातीत घरघर, कधी गुलाबी फेस: फुप्फुसात पाणी होतंय. दुसरी, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ: मेंदूला सूज येतेय. याची परीक्षा सोपी आहे. जेवणाच्या हॉलमधल्या फळीच्या रेषेवर पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या अंगठ्याला लावत दहा पावलं चालायला सांगा. कालपर्यंत सरळ चालणारा माणूस तिसऱ्या पावलाला भिंत धरत असेल, तर रात्र असो की बर्फ, त्याला सोबत देऊन खाली न्यायचं. निदान ३०० मीटर, जमल्यास हजार. ऑक्सिजन आणि औषधं मिळाली तर द्या, पण त्यांच्यासाठी वाट बघत वर बसू नका.

डायमॉक्स, म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड, प्रतिबंधासाठी साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा घेतात, आणि चढ सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं. ते अपेक्षितच आहे. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. आणि पहिली गोळी नामचेला नको. घरी दोन दिवस घेऊन बघा, काय होतं ते डॉक्टर जवळ असताना कळलेलं बरं. झोपेच्या गोळ्या आणि दारू वर जाताना पूर्ण बंद. झोपेत श्वास मध्येच थांबल्यासारखा होऊन दचकून जाग येते. ४,००० मीटरच्या वर हे बऱ्याच जणांना होतं, घाबरू नका. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर गार बोटावर चुकीचा आकडा दाखवतो. बोट चोळून गरम करा, आणि आकड्यापेक्षा माणसाकडे बघा. फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं केंद्र १९७३ पासून आहे. हंगामात तिथे डॉक्टर असतात आणि दुपारी उंचीच्या त्रासावर व्याख्यान होतं. दिंगबोचेच्या मुक्कामात टेकडी ओलांडून ते जरूर ऐकून या.

आता पायांकडे. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्रात कुठेही चढलात तरी उंचीची सवय होणार नाही. चढाची मात्र होते. आतकरवाडीतून सिंहगड सुमारे ६०० मीटरचा चढ आहे, आणि लारजा दोभानच्या झुलत्या पुलापासून नामचेपर्यंतचा चढही जवळपास तेवढाच. तीन महिने आधीपासून आठवड्यात तीन-चार दिवस पाऊण तास भराभर चालणं आणि शनिवार-रविवारी सहा-सात किलोची सॅक घेऊन गड किंवा इमारतीचे जिने. लागोपाठ दोन्ही दिवस चढा. एका दिवसाची ताकद बऱ्याच जणांकडे असते, पण इथे दहा-बारा दिवस रोज सकाळी उठून चालायचं आहे. वेग असा ठेवा की तोंडाने वाक्य पूर्ण बोलता आलं पाहिजे. वरही हाच वेग लागतो, नव्हे, याहून कमी. उताराची तयारी लोक विसरतात. पायरीवर उभं राहून एक पाय सावकाश खाली टेकवायचा आणि परत वर, प्रत्येक पायाला पंधरा वेळा, असे तीन फेरे. शेवटच्या दोन दिवसांत गुडघे बोलायला लागतात, तेव्हा हीच तयारी कामाला येते. दोन काठ्या घ्या. उतरताना त्या थोड्या लांब करायच्या.

बूट घोट्याच्या वरपर्यंतचे, पाणी न शिरणारे, आणि निदान दोन महिने पायात वापरलेले. घ्यायला संध्याकाळी जा, पाय तेव्हा थोडे सुजलेले असतात. जाड लोकरी मोजा घालूनच माप बघा. दुकानातल्या उतरत्या फळीवर उभे राहा. अंगठा पुढे लागला तर अर्धा नंबर मोठा घ्या, नाहीतर नामचे ते लुक्ला उतरताना नखं काळी पडतील. निघायच्या आदल्या दिवशी नखं कापा. जागा लाल दिसली की तिथे लगेच टेप लावायची, फोड येईपर्यंत वाट बघायची नाही.

कपड्यांत सुती काहीही नको. घामाने भिजलेला टी-शर्ट वर वाळत नाही आणि थांबल्यावर अंगावर बर्फासारखा लागतो. आत घाम शोषून घेणारा थर, त्यावर फ्लीस, वारा-पाऊस अडवणारं जॅकेट, आणि मुक्कामी घालायला पिसांचं जॅकेट. स्लीपिंग बॅग घेताना पाकिटावरचा 'कम्फर्ट' आकडा बघा, उणे १०च्या आसपासचा. 'एक्स्ट्रीम' आकड्याचा अर्थ माणूस त्या थंडीत जेमतेम तगतो, झोपतो असं नाही. बॅग आणि पिसांचं जॅकेट दोन्ही काठमांडूत ठमेलमध्ये भाड्याने मिळतात. चेन खालपासून वरपर्यंत तीनदा ओढून बघा. लुक्लाच्या विमानात हातातल्या बॅगेसह साधारण १५ किलोच चालतं, त्यामुळे 'असू दे एक' म्हणून टाकलेलं सगळं गळून पडतं. दोघांत एक पोर्टर घेतलात तर तुमच्या दोघांचं मिळून २० ते २५ किलोच द्या. त्याच्या पाठीवर त्याचं स्वतःचं सामानही असतं. त्याचा विमा आहे का, त्याच्याकडे गरम कपडे आहेत का, हे कंपनीला निघण्याआधी विचारा.

टीहाऊसची, म्हणजे वाटेवरच्या छोट्या लॉजची, खोली म्हणजे प्लायवूडच्या भिंती, दोन लाकडी पलंग, गादी, उशी, एक जाड पांघरूण. शेजारच्याने कूस बदललेली ऐकू येते. खोलीत शेकोटी नसते. ऊब फक्त जेवणाच्या हॉलमधल्या लोखंडी शेगडीला, आणि तीही संध्याकाळी काही तासच. वरच्या गावांत तिच्यात याकच्या शेणाच्या गोवऱ्या जळतात. खोलीचं भाडं कमी असतं ते जेवण तिथेच घ्याल या बोलीवर. बाहेर जेवून आलात तर मालकीण भाडं वाढवून लावते, आणि तिचं बरोबर आहे. फोन चार्ज करणं, वायफाय, गरम पाण्याची बादली, सगळ्याचे पैसे वेगळे, आणि वर जाल तसा भाव चढता, कारण सिलिंडरपासून साखरेपर्यंत बहुतेक सगळं माणसाच्या किंवा जनावराच्या पाठीवरून येतं.

जेवायला डाळ-भात. मागाल तेवढा पुन्हा वाढतात, आणि सगळ्या गटाने तोच सांगितला तर लवकर येतो, जळणही वाचतं. दहा जणांनी दहा पदार्थ सांगितले की शेवटच्याचं ताट नऊला येतं. नामचेच्या वर मांस टाळा. खुंबूत, म्हणजे या सगळ्या भागात, जनावर मारत नाहीत. मांस खालून दिवसच्या दिवस पाठीवरून चालत आलेलं असतं. भूक मरते, तेव्हा मेतकूट, लसणीची कोरडी चटणी, शेंगदाण्याची चिक्की यांचा उपयोग होतो. मिळून अर्धा किलोच्या आत. लाडवांचे डबे नकोत.

पाणी दिवसाला तीन ते चार लिटर. बाटलीबंद विकत घेऊ नका. महाग पडतं आणि रिकाम्या बाटल्या डोंगरातच राहतात. नळाच्या पाण्यात क्लोरीनची गोळी टाकून निदान अर्धा तास थांबा. पाणी बर्फगार असेल तर तासभर. उकळलेलं घेतलंत तरी उत्तम. ५,००० मीटरवर पाणी ८३ अंशांच्या आसपासच उकळतं, पण जंतू तेवढ्यानेही मरतात. डाळ मात्र शिजत नाही, म्हणून तिथल्या स्वयंपाकघरात प्रेशर कुकर असतोच. जाड प्लास्टिकची, रुंद तोंडाची लिटरची बाटली घ्या. रात्री उकळतं पाणी भरा, झाकण घट्ट करून उलटी धरून बघा, लोकरी मोज्यात घाला आणि स्लीपिंग बॅगेत पायाशी ठेवा. सकाळी तेच पाणी प्यायला कोमट मिळतं, मोजाही गरम. पाणी प्यायच्या नळीच्या पिशव्या गोरक्षेपला गोठतात. फोन, पॉवर बँक, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या यांनाही त्याच बॅगेत झोपवा. थंडीत त्या भराभर उतरतात. पॉवर बँक विमानात हातातल्या सामानातच चालते.

कोरड्या गार हवेने घसा सोलवटतो आणि 'खुंबू कफ' नावाचा खोकला मागे लागतो. नामचेपासूनच नाकातोंडावर पातळ बफ, म्हणजे गळ्यात घालायचं नळीसारखं कापड, ठेवा. बर्फावरून येणाऱ्या उन्हाने डोळे भाजतात, म्हणून यूव्ही ४००चा चांगला गॉगल, बाजू झाकणारा. टॉयलेट पेपर स्वतःचा. सॅनिटरी पॅड परत आणायला बंद पिशवी. याक किंवा झोपक्याची (याक आणि गाय यांच्या संकराची) रांग समोरून आली की डोंगराच्या बाजूला उभे राहा, दरीच्या नाही. मणीभिंत, म्हणजे मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत, नेहमी उजव्या हाताला ठेवून पुढे जा.

कागदपत्रांचं थोडक्यात. नेपाळसाठी आपल्याला व्हिसा नको, पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मूळ मतदार ओळखपत्र हवं. १५ ते ६५ वयाच्या प्रवाशांचं काम आधार कार्डावर होत नाही. सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचा परवाना आणि खुंबू पासांग ल्हामू गावपालिकेचा परवाना, असे दोन लागतात. उद्यानाच्या परवान्यात सार्क देशांना सवलत आहे, तेव्हा ओळखपत्र आधी दाखवा. नेपाळी रुपये काठमांडूतच घ्या. एटीएम नामचेपर्यंत आहेत, पण चालू असतीलच असं नाही. विम्याच्या कागदात उंचीची मर्यादा शोधा. पुष्कळ प्रवासी पॉलिसी ३,००० किंवा ४,००० मीटरला थांबतात. तुम्हाला ६,००० मीटरपर्यंतची हवी, हेलिकॉप्टरसह. हेलिकॉप्टर बोलावण्याआधी विमा कंपनीला फोन करावा लागतो, तो नंबर कागदावर लिहून गाईडकडेही द्या.

राहिलं विमान. हंगाम मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. आपली दिवाळीची सुट्टी साधारण याच गर्दीत येते, म्हणून लॉज आधी सांगून ठेवा. गर्दीच्या दिवसांत लुक्लाची बरीच विमानं काठमांडूऐवजी रामेछापच्या मंथलीहून सुटतात. तिथे गाडीने चार-पाच तास लागतात आणि त्यासाठी मध्यरात्रीनंतर निघावं लागतं. दुपारी वारा आणि ढग वाढतात, त्यामुळे उड्डाणं सकाळीच होतात; सकाळची गेली नाहीत तर बहुधा दुसरा दिवस. लुक्लाहून परतायची तारीख आणि काठमांडू-मुंबई तिकीट यांत निदान दोन मोकळे दिवस ठेवा. लुक्लाला आदल्या दुपारीच पोचा, तिकीट लॉजवाल्याकडे देऊन जागा पक्की करून घ्या, आणि सकाळी सहाला सॅक बांधून तयार राहा.