कालव्यावरचं पब्लिक

(दृश्य: ड्रोन. डावीकडे कालव्याचा भराव, माणसांनी गच्च. उजवीकडे मैदान, हिरव्या जाळीच्या आत रिकाम्या खुर्च्या.)

पैठणच्या नाथसागरातून निघालेला हा जायकवाडीचा डावा कालवा. जालना, परभणीच्या शिवाराला पाणी नेणारा. भरावावर बसलेली ही माणसं मात्र पाण्याची पाळी धरून बसलेली नाहीत. समोर त्यांच्याच गावाचा संघ सेमीफायनल खेळतोय. जाळीच्या आत मंडप आहे, सावली आहे, खुर्च्या आहेत. तिकीट तीस रुपये. आणि सगळं पब्लिक बाहेर, उन्हात.

तीस रुपये कुणाला जड नाहीत. यातल्या निम्म्यांनी इथवर यायला त्याहून जास्तीचं पेट्रोल जाळलंय.

गावाचं नाव आम्ही घेणार नाही. परभणी जिल्ह्यातलं, आठवडी बाजाराचं, मोठं गाव, एवढं पुरे. निवडणुका तोंडावर आहेत आणि ज्या माणसाबद्दल, म्हणजे या संघाच्या मालकाबद्दल, बोलायचंय, तो उभा राहणार हे सगळे सांगतात. तो सोडून.

(दृश्य: दोरीवर शेजारी शेजारी लावलेल्या तीन जर्सी.)

ही पहिल्या वर्षीची. छातीवर गावाचं नाव, इतकं मोठं की बगलेपर्यंत गेलंय. खाली बारीक अक्षरात मालकाचं नाव. दुसऱ्या वर्षी दोन्ही नावं सारखी झाली. तिसऱ्या वर्षी छातीवर आली मालकाची नवी प्लॉटिंग, एनए प्लॉट, सुलभ हप्ते, खाली मोबाइल नंबर. आणि गावाचं नाव? कॅमेरा जवळ न्यावा लागला. डाव्या बाहीवर, शिवणीला चिकटून. त्यातलं शेवटचं अक्षर शिवणीत गेलंय.

तिन्ही जर्सी एकाच घरातून मिळाल्या. पहिल्या दोन विकत घेतलेल्या. तिसरी फुकट वाटली होती, तरी कुणी घालत नव्हतं.

(दृश्य: मंगल कार्यालयातला लिलाव, गावातल्याच एकाने मोबाइलवर घेतलेला.)

मालक आले कसे, ते आधी बघू. गावाचा संघ जुना. तरुण मंडळाचा. गणपतीची वर्गणी उरली की त्यातून बॅट यायची, नाही उरली तर मागच्या वर्षीच्या बॅटला टेप लागायची. सोयाबीन निघालं की कुणाचं तरी रान मोकळं व्हायचं. काळ्या रानात टप्पा पडत नाही, चेंडू तिथंच बसतो. म्हणून मधे मुरूम टाकायचा, टँकरनं पाणी मारायचं, रोलर फिरवायचा. रोलर कुणाचा? गुत्तेदाराचा. रस्त्यांची कामं घेणाऱ्या गुत्तेदारानं रोलर दिला, डिझेलही दिलं. गाव खूश. खोटं कशाला बोला, तेव्हा त्यांचा सत्कारही झाला होता.

मग आयपीएलची हवा तालुक्यापर्यंत आली. गावोगावच्या मंडळांच्या स्पर्धेची लीग झाली, संघाला संघमालक आला. आपल्या संघाला तेच गुत्तेदार. पद्धत अशी. मालकानं आयोजन समितीकडे फी भरायची. प्रत्येक मालकाला सारखे पॉइंट मिळतात, बोली त्या पॉइंटमध्ये लावायची. एक आयकॉन खेळाडू आधीच धरून ठेवता येतो. बाकीच्यांचे फोटो पडद्यावर येतात, समालोचक माइकवर नाव पुकारतो, मालक मंडळी हात वर करतात. बोली लागली की टाळ्या. नाही लागली की पुढचा फोटो.

इथे बघा. हा डावखुरा, गावाचा गोलंदाज. याचा यॉर्कर पडला की पोरं हलगी बडवायची. फोटो आला. समालोचकानं दोनदा नाव घेतलं. मालकांची नजर मोबाइलमध्ये. पुढचा फोटो.

त्याच्या जागी आला बाहेरचा गोलंदाज, टेनिस बॉलच्या स्पर्धांतून पैसे घेऊन खेळणारा. खेळतो चांगला, त्याचा काही दोष नाही.

(येथे डावखुऱ्या गोलंदाजाचा शॉट, गोठ्यात. बाईट, म्हणजे त्याचं बोलणं, नको. फक्त गोठ्यातला आवाज.)

(दृश्य: समालोचकाचं टेबल, माइक, शंभर पानी वही.)

आता या वहीकडे नीट बघा, कारण सगळी गोष्ट या वहीत आहे.

अशा स्पर्धांत खरा पैसा तिकिटात नसतो. तो या माइकवरून येतो. सामना रंगात आला की गर्दीतून एक जण टेबलापाशी येतो, समालोचकाच्या कानात काहीतरी सांगतो, आणि माइकवर पुकारा होतो: पुढच्या बॉलला सिक्स गेला तर पाचशे रुपये, अमक्या अमक्यांकडून. दुसरा हॅट्‌ट्रिकवर हजार लावतो. तिसरा नुसता कॅचला शंभर. नाव माइकवर येतं, पोरं ओरडतात, यूट्यूबच्या लाइव्हवरही ते ऐकू जातं. पुण्यात कंपनीत असलेला गावचा पोरगा तिथून फोन पे करतो आणि आपलं नाव पुकारायला लावतो. बाहेरच्या खेळाडूला ठरलेल्या मानधनावर हा वरचा पैसा मिळतो, म्हणून तो इथे यायला राजी होतो. मालकाला ते सोयीचं, कारण मानधन कमी ठेवता येतं.

म्हणजे संघ मालकाचा, जाहिरात मालकाची, आणि खेळाडूच्या खिशात जाणारी वरची रक्कम गावाची.

मागच्या हंगामातली ही पानं. सिक्स, पाचशे, चहावाले. सिक्स, दोनशे, दहावी ब. विकेट, एक हजार, कृषी सेवा केंद्र. पान उलटलं की पुढचं पानही असंच, शाईचे डाग, वडापावच्या तेलाचे डाग.

आणि हे या हंगामातलं. वर तारीख आहे, दोन्ही संघांची नावं आहेत, आडव्या रेघा आखल्यात. खाली काही नाही.

(दृश्य: कोरं पान. पाच सेकंद, निवेदन नको.)

(दृश्य: जुनी तालीम. हौदातली तांबडी माती. भिंतीवर तसबिरी.)

हे इथल्या माणसाला कुणी शिकवलं नाही. मराठवाड्यातला प्रेक्षक पैसा कधी सोडायचा आणि कधी आवळायचा, हे जत्रेच्या फडावर शिकलाय. १९६१ साली महाराष्ट्र केसरीची पहिली कुस्ती झाली ती आपल्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात. सांगलीचे दिनकर दह्यारी पहिले मानकरी. पुढं लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी १९७० मध्ये एडिंबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं. त्यांची तसबीर या भिंतीवर आहे.

जत्रेचा फड गावच्या वर्गणीवर उभा राहतो. दुपारी लहान पोरांच्या कुस्त्या, रेवडीवर, नारळावर. मग रक्कम चढत जाते आणि दिवस मावळायला मोठी जोड सुटते. इनाम सगळ्यांसमोर पुकारतात, निकाल लागल्यावर सगळ्यांसमोर देतात. आणि जोड आतून ठरवून आली असेल, दोघं नुसते एकमेकांच्या मानेला धरून फिरत असतील, तर पब्लिकला ते कळतं. नूरा, नूरा म्हणून ओरड सुरू होते. पंच उठवतात. इनाम फेट्यात परत जातं.

हे आजोबा त्या फडाचे पंच होते.

(येथे आजोबांचा बाईट, पूर्ण. मधला खोकला कापू नये.)

(दृश्य: पानटपरी. मोबाइलवर फुटबॉलची क्लिप, चार डोकी स्क्रीनवर वाकलेली.)

पण गावातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी आणखी एक गोष्ट आणली, लांबची. इंग्लंडमध्ये समुद्रकाठी ब्लॅकपूल नावाचं शहर आहे. त्यांचा फुटबॉल क्लब, नारिंगी जर्सीचा. २०१० मध्ये हा लहानसा क्लब थेट प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, चढला. एकच हंगाम टिकला, पण तेवढ्यात पैसा आला. तो मैदानावर दिसेना. मालक होतं ऑयस्टन कुटुंब. टीका करणाऱ्या चाहत्यांवर त्यांनी बदनामीचे दावे लावले. मग चाहत्यांनी ठरवलं, नॉट अ पेनी मोअर. एक छदामही द्यायचा नाही. तिकीट नाही, जर्सी नाही, मैदानातला चहासुद्धा नाही.

सोपं नव्हतं ते. २०१७ च्या मे महिन्यात ब्लॅकपूल लंडनच्या वेम्बली मैदानावर प्लेऑफ फायनल, म्हणजे वरच्या लीगमध्ये चढवणारा सामना, खेळला आणि जिंकला. आयुष्यभर ज्या दिवसाची वाट बघायची तो दिवस, आणि हजारो चाहते गेलेच नाहीत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लंडनच्या हायकोर्टानं निकाल दिला की मालकांनी क्लबमधून पैसा गैर मार्गानं उपसला, आणि भागीदार वालेरी बेलोकॉन यांना ३ कोटी १० लाख पौंडांहून जास्त रक्कम द्या. पैसे पुरे भरले गेले नाहीत. फेब्रुवारी २०१९ मध्ये कोर्टानं क्लबवर रिसीव्हर, म्हणजे आपला कारभारी, नेमला, मालक बाहेर. ९ मार्चला चाहते परतले, १५,८७१ जण. पोरं बघतायत ती क्लिप त्याच दिवसाची आहे.

आपल्याकडचंही उदाहरण आहे. १९११ मध्ये अनवाणी खेळून गोऱ्या पलटणीला हरवणारा कोलकात्याचा मोहन बागान. २०२० मध्ये नव्या मालकीत नावाआधी एटीके लागलं, म्हणजे मालकांच्या आधीच्या क्लबचं नाव. चाहत्यांनी ‘रिमूव्ह एटीके’चा धोशा लावला. १८ मार्च २०२३ ला संघानं गोव्यात आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीग फुटबॉलचा, करंडक जिंकला, आणि त्याच रात्री मालक संजीव गोएंका यांनी ते नाव काढत असल्याचं जाहीर केलं.

अमेरिकेतल्या ओकलंडच्या बेसबॉल चाहत्यांनी उलटं करून पाहिलं. १३ जून २०२३ ला मैदान भरवून दाखवलं, २७,७५९ लोक आले, मालकाला संघ विकायला सांगायला. संघ २०२४ नंतर गाव सोडून गेलाच.

(दृश्य: टपरीवरचा टीव्ही, आयपीएल.)

मग मुंबई इंडियन्सचं काय, असं कुणीही विचारेल. १५ डिसेंबर २०२३ ला रोहित शर्माच्या जागी हार्दिक पंड्या कर्णधार झाला, तेव्हा याच गावात शिव्यांचा पाऊस पडला होता. पण आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रसारण हक्कच ४८,३९० कोटींना गेलेत. त्यातला वाटा मालकाच्या घरी आपोआप जातो. हार्दिकची हुर्यो उडवायलासुद्धा लोक तिकीट काढून आत गेले. आणि परभणीत घातलेली निळी जर्सी स्टेशन रोडवर अडीचशेला मिळते, तिचा आणि मालकाचा काही संबंध नाही.

तालुक्यात तसं नाही. इथे प्रेक्षकानं खिशातून हात बाहेर काढला नाही, तर ते संध्याकाळपर्यंत मालकाला कळतं.

(दृश्य: मारुतीचा पार, संध्याकाळ. नंतर हिरवी जाळी बांधताना.)

यंदा तालुक्याच्या क्रीडा मैदानाला ही जाळी लागली आणि पहिल्यांदाच तिकीट आलं. पारावर त्याच संध्याकाळी विषय निघाला. सभा नव्हती, अध्यक्ष नव्हता, ठराव नव्हता. ठरलं एवढंच की सामना चुकवायचा नाही, आपला संघ आहे. पण तिकीट नाही, माइकवर बक्षीस नाही, प्लॉटिंगची जर्सी अंगाला लावायची नाही. बसायचं कुठं, तर कालव्यावर. भराव सरकारचा, तिथून पूर्ण मैदान दिसतं, यष्टीमागचंसुद्धा. तिसऱ्या पंचापेक्षा बरं दिसतं, असं आम्हाला कॅमेरा लावल्यावर जाणवलं.

आमची एक अडचण होती. जाळीच्या आत गेलो की फ्रेममध्ये नुसत्या खुर्च्या. म्हणून पुढचे सगळे सामने आम्हीही भरावावरूनच शूट केले.

(दृश्य: षटकार. चेंडू जाळीवरून थेट भरावावर. पोरं झेल घेतात. टाळ्या. माइकवरचा समालोचक.)

हा षटकार बघा. गावच्या संघाचा आहे, टाळ्या गावच्या आहेत. समालोचक थांबतो. सवयीनं टेबलाच्या दोन्ही बाजूंना बघतो. कुणी येत नाही. मग तो स्वतःच प्लॉटिंगची जाहिरात वाचायला घेतो, आणि भरावावरून शिट्ट्या सुरू होतात. जाहिरात संपेपर्यंत शिट्ट्या. दुसरी जाहिरात वाचत नाही तो.

या शिट्ट्यांचा ट्रॅक आम्ही वाढवलेला नाही.

(दृश्य: बंद गाळा. मालकांच्या कार्यालयाची पाटी दिसू नये.)

मालकांना भेटलो. चहा पाजला. कॅमेऱ्यावर बोलणार नाही म्हणाले, आणि कॅमेरा बंद असताना बरंच बोलले. ते इथे देता येत नाही.

सेमीफायनल संघ हरला. फायनलनंतर मालकांनी संघ शेजारच्या तालुक्यातल्या गावाच्या नावावर केला. बाहेरच्या खेळाडूंचं मानधन थकलंय. मैदानात भज्यांचा गाळा घेतलेल्या बचत गटाचं भाडं बुडालं. गर्दी कालव्यावर, गाळा जाळीच्या आत. तो शॉट आमच्याकडे नाही.

(दृश्य: मंडळाची खोली. पावती पुस्तकांचा गठ्ठा, अजून दोरा न सोडलेला.)

पुढच्या हंगामासाठी मंडळ पुन्हा वर्गणीवर उतरणार आहे. पावती पन्नास रुपयांची, प्रत्येक पावतीला एक मत. आयकॉन खेळाडू कोण, ते पावतीवाले ठरवणार. डावखुऱ्याचं नाव आत्ताच भिंतीवर लिहून झालंय. रोलरचा प्रश्न राहिला. तालुक्यात रोलर एकच आहे, आणि तो कुणाचा ते तुम्हाला माहीत आहे. मागायला जायचं ठरलंय, सोबत पन्नासची पावतीही फाडायला सांगायचं ठरलंय. जाणार कोण, यावर काल रात्री अकरापर्यंत चर्चा चालू होती.