अडलेल्या पानापासून सुरुवात

नमस्कार श्रोतेहो.

आठवीच्या गणितात त्रिकोणाचे शिरोलंब आणि मध्यगा असा एक पाठ आहे. शाळा सुटून ज्यांना बरीच वर्षं झाली, त्यांच्यासाठी सांगते. त्रिकोणाच्या शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवर टाकलेला लंब म्हणजे शिरोलंब. असे तीन शिरोलंब निघतात आणि तिन्ही एकाच बिंदूत मिळतात. लघुकोन त्रिकोणात हा बिंदू आत असतो, काटकोन त्रिकोणात काटकोनाच्या टोकावर, आणि विशालकोन त्रिकोणात चक्क त्रिकोणाच्या बाहेर. पुस्तकात हे थोडक्यात आटोपतं. वर्गात मात्र गाडी नेमकी इथंच अडते.

विशालकोन त्रिकोणात लंब टाकायचा तर समोरची बाजू आधी पुढं वाढवून घ्यावी लागते. मुलांना ते पटत नाही. बाजू संपली की संपली, असं त्यांचं म्हणणं. मग गुण्या तिरका धरून ती रेषा कशीबशी आतच बसवतात, आणि ती लंब राहत नाही. फळ्यावर मी तीन आकृत्या काढून दाखवू शकते. पण तो एकच बिंदू सरकत सरकत बाहेर जातो, हे खडूनं दाखवता येत नाही.

डिजिटल साधनं शिकायला मी लागले ती या अडलेल्या जागेपासून. माझ्या शिक्षक मित्रमैत्रिणींशी आणि पालकांशी आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

भूमितीच्या आकृत्या पडद्यावर काढून हलवून पाहता येतात असं जिओजेब्रा हे साधन तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियात विद्यापीठात शिकत असताना ते तयार करायला घेतलं. आज ते वर्गासाठी मोफत मिळतं, मोबाइलवर चालतं, आणि ॲप एकदा उतरवून घेतलं की रेंज नसली तरी अडत नाही. आपल्या बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांतही त्याचं नाव येतं.

वर्गात मी ते असं वापरते. आधी वही. प्रत्येकानं कंपास पेटी काढून लघुकोन त्रिकोणाचे तिन्ही शिरोलंब स्वतःच्या हातानं काढायचे. ते जमलं की पडद्यावर तोच त्रिकोण आणते. त्याचं वरचं टोक बोटानं धरलं की आकृती हलते, शिरोलंब हलतात आणि त्यांचा संपातबिंदूही हलतो. पण टोक हलवायच्या आधी मी थांबते आणि विचारते, आता हे टोक उजवीकडं नेलं तर बिंदू कुठं जाईल? प्रत्येकानं वहीत खूण करायची. मगच बोट हलवायचं. बिंदू खाली उतरत जातो, उजवीकडचा कोन काटकोन झाला की त्या कोनाच्या टोकावर येऊन बसतो, आणि आणखी थोडं सरकवलं की बाहेर पडतो. "बाई, बाहेर गेला!" हे सगळा वर्ग एकदम ओरडतो. बाजू पुढं का वाढवायची, हे त्या क्षणी मुलांना दिसलेलं असतं. लगेच पडदा बंद, आणि पुन्हा वही. विशालकोन त्रिकोण आता हातानं काढायचा. या क्रमाबद्दल मी आग्रही आहे. नुसतं पडद्यावर पाहून बाजूला झालेलं मूल दुसऱ्या दिवशी गुण्या पुन्हा तिरकाच धरतं.

दुसरी अडलेली जागा सगळ्या विषयांची आहे. प्रश्न विचारला की कायम तेच चार हात वर होतात. बाकीच्यांना समजलंय की नाही, हे कळतं थेट चाचणीच्या दिवशी, आणि तोवर आपण दोन पाठ पुढं गेलेलो असतो.

इथं प्लिकर्स नावाचं साधन कामाला येतं. मुलांकडं फोन असायची गरज नाही, सगळ्या वर्गात मिळून शिक्षकाचा एकच फोन पुरतो. प्रत्येक मुलाला काळ्या-पांढऱ्या चौकोनी नक्षीचं एक कार्ड द्यायचं. कार्डाच्या चार बाजूंवर बारीक अक्षरात ए, बी, सी, डी असतं. आपलं उत्तर असलेली बाजू वर करून मुलानं कार्ड धरायचं आणि शिक्षकानं फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. कोणी काय उत्तर दिलं, ते फोनवर नावानिशी दिसतं. प्रत्येकाची नक्षी वेगळी, त्यामुळं शेजाऱ्याचं पाहून उपयोग नसतो. मागच्या बाकावरच्या, तोंड न उघडणाऱ्या एका मुलीची उत्तरं एकामागून एक बरोबर येताना मी अशीच पाहिली. तिला गणित येत होतं, फक्त हात वर करायचा धीर नव्हता. आणि उलटंही होतं. अर्धा वर्ग "बिंदू आत असतो" म्हणाला की मला तिथल्या तिथं कळतं, आजचा पाठ पुढं न्यायचा नाही.

आपली प्रशिक्षणं बहुतेक वेळा बटणांपासून सुरू होतात. हे दाबा, ते उघडा, खातं काढा, पासवर्ड लिहून ठेवा. दिवसभरात सात-आठ ॲप्स दाखवली जातात आणि संध्याकाळी घरी जाताना एकही आपलं झालेलं नसतं. वय झालं म्हणून जमत नाही, असं ज्येष्ठ सहकारी म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं. कारण मुलं कुठं चुकतात हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं, आणि सुरुवात तर तिथूनच करायची असते. बटणं शेजारच्या वर्गावरचे तरुण गुरुजी शिकवतील. कुठलं पान दाखवायचं, ते ज्येष्ठ बाईंनी सांगावं.

सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्या दानाबद्दल खूप बोललं गेलं आणि ते योग्यच होतं. शिक्षक म्हणून मला त्यांच्या कामातली आणखी एक गोष्ट मोलाची वाटते. मूल ज्या पानावर आहे, त्याच पानावर त्याला मदत मिळाली. आज आपल्या पुस्तकांत दीक्षा या सरकारी शैक्षणिक पोर्टलचे क्यूआर कोड आहेत. ते एकदा स्वतः उघडून, पूर्ण पाहून मगच मुलांना दाखवावेत. सगळंच साहित्य आपल्या वर्गाला लागू पडतं असं नाही.

आता पालकांसाठी. फोन लागेल असा गृहपाठ मी देत नाही. अनेक घरांत फोन एकच असतो. तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जातो आणि रात्री परत येतो तेव्हा बॅटरी संपलेली असते. मोठ्या भावाचा अभ्यास, आईचे निरोप, सगळं त्याच फोनवर. अशा घरातल्या मुलाला "व्हिडिओ बघून ये" म्हणणं म्हणजे त्याला न केलेल्या चुकीची शिक्षा देणं आहे. तेव्हा बाईंनी मोबाइलवरचा अभ्यास दिलाय असं मूल म्हणालं, तर जरूर शाळेत येऊन विचारा.

विज्ञान शिकवणाऱ्यांना सुरुवात कुठून करावी असा प्रश्न पडत असेल, तर विद्युत परिपथाचं पान काढा. विज्ञानाचे प्रयोग पडद्यावर करून पाहता येतील असा अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा फेट हा मोफत प्रकल्प आहे. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. त्याची काही साधनं मराठीतही आहेत. त्यात सेल, तारा, दिवा आणि कळ पडद्यावर जोडता येतात, आणि तारांमधून इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात. खऱ्या तारेत ते कधीच दिसणार नाहीत. पण खरा सेल आणि खरा दिवाही टेबलावर हवाच. आधी मुलांनी तो पेटवावा, मग पडद्यावर तारेच्या आत काय चाललंय ते पाहावं. या आठवड्यात हा तास घेऊन बघा, आणि मुलं कुठं अडली ते येत्या शिक्षण परिषदेत सांगा.

नमस्कार.