ओकच्या राईत, भर पावसात

श्रोतेहो, नमस्कार. वेल्सला निघालेली माणसं हवामानाचा अंदाज पाहतात आणि पाऊस दिसला की जंगलाचा बेत मोडून एखादा किल्ला गाठतात. आज सांगायचंय ते नेमकं उलट. किल्ले उन्हात बघा. ओकची राई मात्र पावसात पाहावी, निदान पाऊस नुकताच थांबलेला असताना.

उदाहरणादाखल एकच जागा धरू. वायव्य वेल्समध्ये एरिरी राष्ट्रीय उद्यान आहे, इंग्रजीत त्याला स्नोडोनिया म्हणत आले. तिथल्या फेस्टिन्योग खोऱ्याच्या उतारांवर कोइडिध माइन्टूरोग हे राखीव रान पसरलंय. कोइड म्हणजे रान. माइन्टूरोग हे खालच्या गावाचं नाव. पोर्थमाडोग या बंदराच्या गावाहून छोटी आगगाडी धरली की सुमारे 12 किलोमीटरवर टान-अ-बुल्ख स्टेशन येतं. बुल्ख म्हणजे खिंड, तेव्हा स्टेशनच्या नावाचा अर्थ ‘खिंडीखाली’. पाटीचा दगड, म्हणजे स्लेट, बंदरावर नेण्यासाठी ही लाइन 1836 साली सुरू झाली. रुळांमधलं अंतर 597 मिलिमीटर, म्हणजे आपल्या माथेरानच्या गाडीहून जेमतेम बोटभर कमी. हिवाळ्यात गाड्या मोजक्याच असतात, म्हणून परतीची शेवटची गाडी आधी बघून ठेवा.

स्टेशनातून बाहेर पडलं की राई सुरूच होते. इथला ओक म्हणजे सेसाइल ओक. ओळखायची खूण सोपी आहे: टोपी घातलेलं त्याचं फळ थेट फांदीला चिकटलेलं असतं, पानाला मात्र देठ असतो. इंग्लंडच्या सपाट मुलखातल्या दुसऱ्या ओकचं याच्या बरोबर उलट. ओकच्या जोडीला बर्च, रोवन, हेझल आणि काटेरी पानांची हॉली. बऱ्याच ठिकाणी एकाच बुंध्यातून तीन-चार खोडं वर गेलेली दिसतील. ती कुऱ्हाडीची खूण. कोळशासाठी आणि कातडी कमावायला लागणाऱ्या सालीसाठी ही झाडं बुडातून तोडत, मग धुमारे फुटत आणि काही वर्षांनी पुन्हा तोड होई. त्यामुळे प्रत्येक जुन्या राईत अजस्र वृक्ष दिसतीलच असं नाही, आणि खोड बारीक म्हणून राई नवी, असंही समजू नका.

आता पावसाचं. महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, इथे त्याच्या निम्माही नाही. पण आपल्याकडे तो चार महिन्यांत कोसळतो आणि दिवाळीनंतर सह्याद्रीतलं शेवाळ वाळून तपकिरी होतं. इथे बाराही महिने भुरभुर चालू, शेजारी समुद्र, कडक उन्हाळा नाही, कडाक्याची थंडीही क्वचित. म्हणून दगड, बुंधे, फांद्या, सगळ्यांवर शेवाळाची गोधडी कायमची. अशा रानाला समशीतोष्ण वर्षावन म्हणतात.

गोडा मसाला करणाऱ्यांना दगडफूल माहीत असतं. ते शैवाक, म्हणजे बुरशी आणि सूक्ष्म शैवाल यांचा एकत्र संसार. या राईत त्याची कितीतरी भावंडं आहेत. सर्वांत देखणं लंगवर्ट: तळहाताएवढं, खड्ड्याखड्ड्यांचं, फुप्फुसासारखं. भिजलं की लख्ख हिरवं, वाळलं की तपकिरी कागद. कोरड्या दिवशी त्याच्यासमोरून चालत जाल आणि कळणारही नाही. जुन्या अ‍ॅश झाडांवर ते विशेष शोधा, कारण अ‍ॅशची साल ओकपेक्षा कमी आम्लधर्मी असते. पण 2012 पासून ब्रिटनमध्ये या झाडांना बुरशीचा मर रोग लागलाय, आणि झाड गेलं की त्यावरचं शैवाकही जातं.

दहापट मोठं दाखवणारं भिंग सोबत घ्या. ते सालीवर धरून मागे सरकू नका, तशानं काही दिसत नाही. भिंग डोळ्याला टेकवा आणि चेहराच सालीजवळ न्या, दोनेक सेंटिमीटरपर्यंत. घळीतल्या ओल्या कातळावर शेवाळासारखंच दिसणारं पण गडद, अर्धपारदर्शक पानांचं नेचं मिळालं तर थांबा. ते फिल्मी फर्न. त्याचं पान एकाच पेशीच्या जाडीचं असतं, पाणी धरून ठेवणारी मेणाची पुटं त्यावर नसतात. हवा कोरडी पडली की ते सुकलंच. हात लावू नका, खरवडू तर नकाच.

महिना कोणता? ब्लूबेलचा निळा गालिचा हवा असेल तर एप्रिलअखेर ते मेचा मध्य, ओकची पानं दाट होण्याआधी. वेल्शमध्ये या फुलाला ‘कोकिळेच्या घंटा’ म्हणतात. ही कोकीळ म्हणजे युरोपातली कुकू. फोटोसाठी फुलांत उतरू नका. पान चिरडलं की कंदाला अन्न मिळत नाही आणि तिथली फुलं पुढे काही वर्षं रोडावतात. त्याच दिवसांत पश्चिम आफ्रिकेतून पाइड फ्लायकॅचर येतो, नर काळा-पांढरा. ओकच्या कोवळ्या पानांवरच्या अळ्यांवर तो पिलं वाढवतो. वुड वॉर्बलरचं गाणं फरशीवर फिरवून सोडलेल्या नाण्यासारखं, शेवटी वेग घेत जाणारं. जूनच्या मध्यानंतर दोघे गप्प होतात. जुलैत राई काळोखी आणि थोडी कंटाळवाणी असते, हे कोणी सांगत नाही. शैवाकांसाठी नोव्हेंबर ते मार्च उत्तम, फक्त डिसेंबरात चारच्या सुमाराला सूर्य मावळतो हे लक्षात ठेवा.

जूनमध्ये जांभळ्या फुलांच्या झुडपांसमोर लोक फोटो काढतात. ते रोडोडेंड्रॉन, शोभेसाठी आणलेलं आणि आता राईच्या मुळावर उठलेलं, आपल्याकडच्या घाणेरीसारखं. त्याच्या सदाहरित सावलीत ओकचं रोप तग धरत नाही. मेंढ्यांचंही तेच: सतत चरल्या तर रोप उरत नाही. पण चराई पूर्ण बंद केली की ब्रॅम्बलची काटेरी जाळी माजते आणि शैवाकांचा उजेड अडतो. म्हणून काही राईंत मोजकी गुरं मुद्दाम सोडतात. फाटक जसं दिसेल तसंच ठेवायचं: बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं.

अंतरावरून वेळेचा हिशेब करू नका. 3 किलोमीटरला दोन तास धरा. ओली मुळं आणि पाटीचा दगड साबणासारखे निसरडे असतात, तेव्हा खोल खाचांचे, घोटा धरणारे बूट हवेत. छत्री फांद्यांत अडकते, रेनकोट घ्या. पाऊस थांबल्यावरही झाडं बराच वेळ गळतात. घळीत मोबाइलला रेंज नसते, म्हणून कागदी नकाशा जवळ ठेवा. ‘ल्विब्र कहोइधिस’ अशी वेल्श पाटी दिसली की ती सार्वजनिक पायवाट.

निघताना बुटांची माती ब्रशनं काढा, झाडांचे रोग तिच्यातून पुढच्या रानात जातात. मग गोचिडी बघा: गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली, मुलांच्या केसांच्या कडेला. सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्यानं अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, जळती काडी, पिळणं, काही नको. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारा चट्टा उठला, तर डॉक्टरांकडे जा आणि रानात कोणत्या तारखेला गेला होता तेही सांगा.